दुखवट्याच्या घरात फोन वाजतो तेव्हा

सोलापुरात आमच्या पूर्व भागात कुणाकडे मयत झाली की गल्लीतले माग बंद पडतात. एरवी दिवसरात्र खडखडाट चालू असतो. त्याची इतकी सवय झालेली असते की तो ऐकूच येत नाही, थांबला की मात्र घराघरातून माणसं बाहेर डोकावतात आणि विचारतात, "कुणाकडं?" मग लोक जातात. चपला दाराबाहेर काढतात, सतरंजीवर भिंतीला टेकून बसतात. फार कुणी बोलत नाही. कसं झालं, हे घरातलं माणूस आपण होऊन सांगेपर्यंत कुणी विचारत नाही. निघताना "येतो" म्हणायचं नाही, एवढंसुद्धा लहान पोरांना माहीत असतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी मी बसले होते. अक्का विड्या वळून घर चालवायच्या. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा कारखान्यात रात्रपाळीला जायचा. त्या रात्री पाळी संपवून मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी येत होता. हैदराबाद रोडवर ट्रकची धडक बसली आणि तो जागेवरच गेला. सकाळी साडेनऊला सिव्हिलमध्ये त्याचं पीएमसुद्धा झालेलं नव्हतं आणि शहरातल्या एका नावाजलेल्या माणसाची पोस्ट फिरायला लागली होती. नाव मी घेणार नाही. मजकूर साधारण असा होता: रात्री-अपरात्री बुंगाट गाड्या पळवायच्या आणि मग रस्त्याला दोष द्यायचा, आईबापांनी वेळेवर पोरं आवरली असती तर ही पाळी आली नसती. खाली हात जोडलेले आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

ते अक्कांच्या भाचीच्या फोनवर आलं. अक्कांना मराठी वाचता येत नाही, घरात तेलुगू. पण भाचीचा चेहरा त्यांनी वाचला आणि काय आहे ते सांगायला लावलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "हा माणूस आमच्या पोराला कधी भेटला होता का?"

भाचीच्या फोनवर ती पोस्ट कशी पोचली ते पुढे सांगते, कारण त्यात माझाही हात होता.

तेव्हापासून मी या एका प्रश्नाच्या मागे आहे. आमदार, खासदार, नट, गायक, कंपन्यांचे मालक, हजारो-लाखो लोक ज्यांचं ऐकतात अशी माणसं दुसऱ्याच्या घरी आभाळ कोसळलेलं असताना असं का लिहितात? ती सगळी दुष्ट नसतात. बरीचशी तर चांगली म्हणून नावाजलेली असतात. मग नेमकं काय घडतं, ते इतकं का पसरतं, आणि त्याला कायद्यानं काय करता येतं, हे जेवढं मला कळलं तेवढं सोप्या शब्दांत मांडते.

आधी एक गैरसमज दूर करू. दुर्घटनेनंतर कठोर बोलणं आणि असंवेदनशील बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्यात एक तान्हं पोरही होतं. आग का लागली, आतल्या माणसांना बाहेर पडायला वाट का मिळाली नाही, विझवायची तयारी किती होती, हे प्रश्न कितीही चढ्या आवाजात विचारले तरी ते गेलेल्यांच्या बाजूचेच असतात. त्या दिवसात कुणी अधिकाऱ्यांना झापलं असेल, कुणी शिव्या दिल्या असतील, त्याला मी असंवेदनशील म्हणणार नाही. माझ्या मते खूण एकच: वाक्याचं तोंड कुणाकडे आहे? जे वाचवू शकले असते त्यांच्याकडे, की जो गेला त्याच्याकडे आणि त्याच्या माणसांकडे? "शांत राहा, राजकारण करू नका" असं म्हणून प्रश्न दाबणारा माणूस भाषेनं कितीही सभ्य असला तरी तो दुखवट्याच्या घराकडे पाठ करूनच उभा असतो.

या तोंड फिरण्याच्या काही ठरलेल्या तऱ्हा आहेत.

पहिली आणि सगळ्यात वाईट, म्हणजे गेलेल्यालाच दोष देणं. ६ मे २०१५ ला मुंबईच्या सत्र न्यायालयानं अभिनेता सलमान खानला २००२ च्या वांद्र्याच्या अपघात प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा सुनावली (त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं). त्या अपघातात फुटपाथवर झोपलेल्यांपैकी एक जण मेला होता, चार जखमी झाले होते. निकालाच्या दिवशी गायक अभिजीत भट्टाचार्य यांनी ट्विटरवर लिहिलं की रस्त्यावर कुत्रा झोपला तर कुत्र्याच्या मौतीनंच मरणार, रस्ते काही गरिबाच्या बापाचे नाहीत. देशभर संताप झाला, पुढे त्यांनी भाषेबद्दल माफी मागितली. पण भाषा बाजूला ठेवली तरी आत जो विचार आहे, तो आपल्या आसपास रोज ऐकू येतो. 'तो तिथं गेलाच कशाला?' 'ती एवढ्या रात्री बाहेर काय करत होती?' 'हेल्मेट नसेल घातलं.'

हा विचार येतो कुठून? मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात अमेरिकेत एक प्रयोग केला. लोकांना एका बाईला विजेचे झटके बसताना दाखवले. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिचा त्रास थांबवायचा काही मार्ग होता, त्यांनी तो थांबवला. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, ते हळूहळू त्या बाईलाच नावं ठेवायला लागले. लर्नरनं अर्थ लावला तो असा: जगात न्याय आहे, चांगल्याचं वाईट होत नाही, यावर आपल्याला विश्वास ठेवायचा असतो. निष्पाप माणूस विनाकारण मेला हे मान्य केलं तर उद्या आपणही मरू शकतो, आपलं पोरही मरू शकतं. ही भीती झेपत नाही, म्हणून मन मेलेल्याची चूक शोधत बसतं. सापडली की हुश्श होतं. अक्कांच्या मुलाबद्दल लिहिणाऱ्या माणसाला बहुधा स्वतःच्या मुलाची भीती वाटली असेल. पण त्यानं ती भीती अक्कांच्या दारात नेऊन टाकली. आणि ज्या पोराला गाडी बुंगाट पळवल्याबद्दल त्यानं झापलं, तो गाडी चालवतच नव्हता.

दुसरी तऱ्हा, मोठं दुःख लहान करून दाखवण्याची. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ माणसं गेली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील हिंदीत बोलताना म्हणाले की एवढ्या मोठ्या शहरात असे एखाद-दुसरे प्रकार होत असतात. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. ज्यांनी आबांना पाहिलंय, ग्रामस्वच्छता अभियानातलं त्यांचं काम पाहिलंय, त्यांना ते वाक्य त्यांच्या तोंडी बसवता येत नाही. मला तरी आजही बसवता येत नाही. पण म्हणूनच हे उदाहरण शिकण्यासारखं आहे. खुर्ची माणसाला आकड्यांत बघायला लावते. राज्य किती मोठं, शहर किती मोठं, त्यात हे किती. ज्याच्या घरातलं एक माणूस गेलं त्याचा हिशेब शंभर टक्क्यांचाच असतो. पॉल स्लोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मदतीच्या पैशांवरून दाखवून दिलं. मालीतल्या सात वर्षांच्या एका उपाशी मुलीबद्दल सांगितलं की लोक जास्त पैसे देतात, लाखो उपाशी माणसांचे आकडे सांगितले की कमी देतात. आकडा वाढला की काळजाला पोचणं कमी होतं. मंत्र्याच्या टेबलावर तर रोज आकडेच येतात.

तिसरी तऱ्हा मात्र फोनच्या काळात फोफावली. दुर्घटनेच्या चौकटीत स्वतःच मधोमध उभं राहायचं.

एप्रिल २०१६. आपल्या शेजारचं लातूर पाण्यासाठी तडफडत होतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं. तेव्हाच्या जलसंधारण मंत्री पंकजा मुंडे यांनी मांजरा नदीवरच्या कामाची पाहणी करताना सेल्फी काढले आणि ट्विटरवर टाकले. मजकुरात लातूरला किती दिलासा, असा भाव होता. त्यांच्या बाजूनं बघितलं तर मंत्र्यानं आपल्या खात्याच्या कामासोबत काढलेला तो फोटो होता. घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या बाजूनं बघितलं तर ते हसणं होतं. फोटो तोच. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात, तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन बोटीतून पाहणीला निघालेले असताना हसत हात हलवत असल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. त्याच पुरात धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो छापलेले निघाले. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, आपल्या माढा-मोहोळकडची घरं पाण्यात गेली, मराठवाड्यातही तेच झालं, आणि मदतीच्या पाकिटांवरच्या फोटोंचा वाद पुन्हा उभा राहिला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं, असा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच नाही. पूर्वीसुद्धा ही माणसं होतीच.

यातलाच रोजचा, कुणाला खटकतसुद्धा नाही असा प्रकार म्हणजे श्रद्धांजलीचं चित्र. एखादं उघडून नीट बघा. वर पक्षाचं चिन्ह. उजवीकडे पुढारी, कोट घातलेला, उंची अर्ध्या चित्राएवढी, चेहऱ्यावर निवडणुकीतलंच हसू, कारण फोटो एकच असतो आणि तो सगळ्याला चालवतात. डावीकडे कोपऱ्यात गोलात गेलेल्या माणसाचा धूसर फोटो, आधारकार्डावरून कापलेला. खाली पुढाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात, गेलेल्याचं लहान. कितीदा तर नावही चुकलेलं. हे चित्र पुढारी स्वतः करत नाही. त्याच्याकडे 'सोशल मीडिया बघणारा' पोरगा असतो. त्याच्या मोबाइलमध्ये जयंती, वाढदिवस, सणाच्या शुभेच्छा आणि श्रद्धांजली अशी साच्यातली चित्रं तयार असतात. बातमी आली की नाव बदलायचं आणि सोडायचं, दुसऱ्या पुढाऱ्याच्या आधी. शिवाय काही पोस्ट आठ दिवस आधीच वेळ लावून ठेवलेल्या असतात. सकाळी दहाला गावात बस उलटते आणि सव्वादहाला साहेबांचं ढोलताशांवरचं रील आपोआप वर येतं. त्यात वाईट हेतू शोधायला गेलं तर सापडणार नाही. तिथे त्या क्षणी माणूसच नसतो. मला तर तीच मोठी तक्रार वाटते: शोक कळवण्याचं काम माणसानं करायचं सोडून दिलं.

आता मूळ गाठीकडे येऊ. पूर्वीही लोक वाटेल ते बोलायचे. पारावर, पानटपरीवर, कारखान्याच्या दारात. 'त्याचंच चुकलं असणार' हे वाक्य अक्कांच्या गल्लीच्या टोकालाही कुणीतरी म्हटलं असेल. पण ते अक्कांपर्यंत पोचलं नसतं. म्हणणारा त्यांच्या सतरंजीवर येऊन बसला असता तेव्हा तो गप्पच राहिला असता. एकच माणूस, दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं वागतो, आणि त्यात ढोंग नाही. समोर कोण बसलंय ते बघून बोलणं, याच्यावरच गावगाडा चालत आला. फोननं नेमकं हेच मोडलं. पार, टपरी, पक्षाचं कार्यालय आणि दुखवट्याचं घर या सगळ्यांच्या मधल्या भिंती पडल्या. लिहिणारा आपल्या माणसांना उद्देशून लिहितो, टाळ्या देणारे डोळ्यांसमोर ठेवून लिहितो, आणि वाचणाऱ्यांत अक्काही असतात.

सोलापूरकरांना याचं एक उदाहरण पाठ आहे. २०१३ च्या दुष्काळात उजनीतून पाणी सोडावं म्हणून आपल्या जिल्ह्यातला एक शेतकरी कार्यकर्ता मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता, पन्नासहून अधिक दिवस झाले होते. एप्रिलमध्ये इंदापूर तालुक्यातल्या एका सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार त्याच्याबद्दल बोलले, धरणात पाणीच नाही तर काय करायचं, तिथे लघवी करायची का, अशा अर्थाचे ते शब्द सगळ्यांना माहीत आहेत. व्हिडिओत ते शब्द जितके ऐकू येतात तितकंच सभेतलं हसू ऐकू येतं. मंडपातल्या लोकांसाठी तो गावरान विनोद होता. पण कॅमेऱ्यानं तो विनोद उचलून टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांपुढे नेऊन ठेवला. तिथे कोण हसणार? ही तर सभा होती, फेसबुक नव्हतं. आज प्रत्येक पोस्ट म्हणजे अशीच सभा आहे, फक्त मंडपाला कनाती नाहीत. आणि समोर बसलेल्यांचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे वाक्य अर्ध्यात आवरायची संधीही मिळत नाही.

पुढचा भाग यंत्राचा आहे. फेसबुक, एक्स, इन्स्टाग्राम यांवर कुठली पोस्ट आधी दाखवायची ते गणितानं ठरतं. लोक कशावर थांबले, कशावर बोटं आपटली, कशाला उत्तर दिलं, काय पुढे पाठवलं, यावरून पोस्टला बळ मिळतं. तुम्ही संतापून उत्तर दिलंत की आनंदानं, याच्याशी त्या गणिताला फारसं देणंघेणं नसतं. २०१७ पासून फेसबुक साध्या लाइकपेक्षा इमोजीच्या प्रतिक्रियेला पाचपट वजन देत होतं, त्यात रागाचा लाल चेहराही आला. कंपनीच्या आतल्या कागदपत्रांतून हे २०२१ मध्ये उघड झालं. तोवर रागाचं वजन शून्यावर आणलेलं होतं, पण मधली वर्षं तर गेलीच. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासली. 'लाज', 'पाप', 'द्वेष' अशा जातीचा, म्हणजे नीती आणि भावना दोन्ही असलेला प्रत्येक जादा शब्द ट्वीटचा प्रसार सुमारे वीस टक्क्यांनी वाढवतो, असं त्यांना दिसलं.

याचा अर्थ साधा आहे. वाईट पोस्टला तिच्या चाहत्यांइतकेच तिचे विरोधक पाय देतात.

इथे माझा हात. त्या सकाळी ती पोस्ट मला एका मैत्रिणीनं पाठवली. माझं डोकं फिरलं. स्क्रीनशॉट काढला, वर लिहिलं 'लाज वाटली पाहिजे', आणि तीन ग्रुपवर टाकला. एक ग्रुप आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा. त्यात अक्कांची भाची आहे, हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही. मूळ पोस्टला तेव्हा फार तर शेदीडशे लोकांनी बघितलं असेल आणि भाचीचा त्या माणसाशी काही संबंध नव्हता, तिला ती एरवी कधी दिसलीही नसती. म्हणजे ते वाक्य अक्कांच्या घरात नेणारी मी होते. दुपारी मी त्याच घरी जाऊन बसले. भाचीनं फोन माझ्यापुढे धरला आणि पडद्यावर माझंच नाव होतं. तिनं काही म्हटलं नाही. मी तिला दोन दिवसांनी सांगितलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "मला आधी फोन करायचा ना, अक्का." मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ती मलाही अक्का म्हणते.

तेव्हापासून मी स्क्रीनशॉट टाकत नाही. झापायचं असेल तर आपल्या शब्दांत झापते, त्या माणसाचे शब्द न नेता.

कायद्याचं काय? लोक पहिल्या झटक्यात म्हणतात, अशांना आत टाका. यात फार जपून पाऊल टाकावं लागतं, आणि त्याचं कारण आपल्याच राज्यात घडलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर विचारलं की यासाठी शहर बंद कशाला. तिच्या मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. शोकाच्या दिवशी केलेली टिप्पणी असंवेदनशील वाटली, एवढ्यावर. त्या प्रकरणानंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. 'त्रासदायक', 'अपमानकारक' असे शब्द इतके ढगळ आहेत की त्यात कुणालाही कोंबता येईल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मला हा निकाल पटतो. भावना दुखावल्याचा गुन्हा केला की तो आधी दोन पोरींवर चालतो, नावाजलेल्या माणसावर शेवटी.

मग मंत्र्यांना वेगळा, कडक नियम लावावा का? हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २०१६ च्या जुलैत उत्तर प्रदेशात बुलंदशहरजवळ महामार्गावर एका कुटुंबावर हल्ला झाला, आई आणि मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. तेव्हाचे मंत्री आझम खान यांनी हे राजकीय कारस्थान असल्याचं म्हटलं. कुटुंब न्यायालयात गेलं. ३ जानेवारी २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कौशल किशोर प्रकरणात निकाल दिला: घटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर जी बंधनं दिली आहेत त्याहून जास्त बंधनं मंत्र्यांवरही लादता येणार नाहीत, आणि मंत्र्याचं वक्तव्य सरकारचं म्हणून धरता येणार नाही. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी या दुसऱ्या मुद्द्यावर वेगळं मत दिलं: मंत्री पदाच्या नात्यानं बोलला असेल तर ते सरकारचं मानता येईल. पक्षांनी आपल्या माणसांच्या बोलण्याला आवर घालावा, असंही त्यांनी लिहिलं.

या खटल्यातला एक बारकावा मला निकालापेक्षा मोलाचा वाटतो. डिसेंबर २०१६ मध्ये आझम खान यांनी माफीचं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात 'जर' होता. म्हणजे, जर कुटुंबाला वाईट वाटलं असेल तर. तो 'जर' खटकला. याला बिनशर्त माफी म्हणत नाहीत, म्हणून नवं प्रतिज्ञापत्र मागवण्यात आलं, आणि त्या दुसऱ्या कागदावर व्यक्त केलेला पश्चात्ताप न्यायालयानं स्वीकारला. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे' हे वाक्य आपण आठवड्यातून एकदा तरी वाचतो. आता पुढच्या वेळी वाचाल तेव्हा बघा, त्यात 'कुणाच्या' म्हणजे कुणीच नसतं, 'असतील तर' म्हणजे बोलणाऱ्याला अजून शंकाच आहे, आणि चूक बोलण्यात नसून ऐकणाऱ्याच्या हळव्या भावनांत आहे. अक्कांच्या मुलाबद्दल लिहिणाऱ्यानं संध्याकाळी पोस्ट काढली आणि शब्दशः हेच टाकलं. मुलाचं नाव त्यात नव्हतं. तो मागे बसला होता, हेही नव्हतं.

कुटुंबाच्या हातात एक वाट आहे, अरुंद पण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, पण त्याच्या घरच्यांना दुखवण्याचा हेतू दाखवावा लागतो. तो दाखवणं अवघड. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं मात्र कलम ७२ नुसार थेट गुन्हा आहे, मग ते श्रद्धांजलीच्या नावाखाली का असेना. नावाजलेली माणसं 'न्याय मिळाला पाहिजे' म्हणत फोटो टाकतात तेव्हा त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

कायदा नाही तिथे बाजार शिक्षा देतो, पण ती कुणाला लागेल याचा नेम नाही. मार्च २०११ मध्ये जपानच्या त्सुनामीवर ट्विटरवर विनोद केल्याबद्दल अमेरिकन विनोदवीर गिल्बर्ट गॉटफ्रिड यांचं अफ्लॅक या विमा कंपनीचं जाहिरातीतलं काम तातडीनं गेलं. त्या कंपनीचा बहुतांश धंदाच जपानमध्ये होता. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या पुरावर घाणेरडी टिप्पणी करणाऱ्या ओमानमधल्या एका साध्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली, त्यानं रडवेली माफी मागूनही. पुढाऱ्याला मालक म्हणजे मतदार, आणि त्यांची पाळी पाच वर्षांनी येते. तोवर दुसऱ्या दहा गोष्टी झालेल्या असतात.

मग खरी माफी कशी असते? २०१३ च्या त्या भाषणानंतर अजित पवारांनी माफी मागितली, आयुष्यातली मोठी चूक म्हटलं, आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेशाला बसले. कुणी त्याला नाटक म्हटलं, कुणाला ते पुरेसं वाटलं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते की 'जर' न लावता चूक ही चूक म्हटली गेली. आणि एक गोष्ट राहिली असं वाटतं: वाट उजनीच्या खालच्या गावांकडे वळायला हवी होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, तर माफीही तिथेच जाऊन मागायची. आपल्याकडे भांडण झालेला भाऊबंदसुद्धा मयतीला येतो, उंबऱ्यात उभा राहतो, मान खाली घालतो. त्याला कुणी व्हिडिओ करून टाकायला सांगत नाही.

अक्कांकडे त्या पोस्टवाल्यापैकी कुणी आलं नाही. दहाव्याला कारखान्याचे मालक आले होते. अर्धा तास बसले, मुलाचा राहिलेला पगार भाचीच्या हातात दिला आणि उठले.

वर्षश्राद्धाच्या आधी वॉर्डातल्या एका इच्छुकाचा माणूस आला. प्रथम पुण्यस्मरणाचा फ्लेक्स आम्ही करतो म्हणाला, सगळा खर्च आमचा, फक्त वर साहेबांचा फोटो राहील. भाचीनं नको म्हणून सांगितलं आणि स्वतः कन्ना चौकाकडे एका दुकानात गेली. मी बरोबर होते. संगणकावर बसलेल्या पोरानं सवयीनं साचा उघडला, उजवीकडे उभ्या माणसाची मोकळी जागा होती. "इथं कुणाला टाकू?" तिनं पर्समधून फोटो काढला, मुलाचा, कारखान्याच्या दारात उभा राहून काढलेला, खांद्यावर टॉवेल.

"ह्यालाच," ती म्हणाली. "मोठा कर."

"आणि खाली शोकाकुलमध्ये नावं?"

तिनं अक्कांचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं, मग थांबून त्या मोटारसायकल चालवणाऱ्या मित्राचं सांगितलं, जो वाचला होता आणि अजून लंगडत चालत होता.